आधी घोडं बघ, मग जखम



परवा रात्री फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. घोडीचा पाय स्ट्रॉबेरीच्या वाफ्याच्या काटेरी तारेत अडकला, डाव्या पुढच्या पायाची नळी गुडघ्याखाली सोलून निघाली. तू हळद आणि तेल भरलंस, वरून कापड करकचून बांधलंस, अंगावर ताडपत्री टाकलीस, दार लावून घेतलंस आणि आत शेकोटी पेटवलीस. मग विचारलंस, "मामा, अजून काय करू?" मी म्हटलं, केलंयस त्यातलं निम्मं आधी काढ आणि डॉक्टरला बोलव. तेवढ्यात तुमच्या वेण्णा तलावाची रेंज गेली.

सकाळी कळलं की डॉक्टर येऊन गेले, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. त्यांचं काम झालं, आता पुढचे तीन-चार आठवडे तुझे आहेत. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता "हो मामा, हो मामा" करतोस. म्हणून लिहून मेढा-महाबळेश्वर गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. दोनदा वाच आणि पागेत खुंटीला अडकवून ठेव.

मी काही डॉक्टर नव्हे. फौजेत घोड्याखेचरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. मेरठच्या सेंटरला शिकलो आणि नोकरीतले तीन हिवाळे लडाखात काढले. आमचे उस्ताद रिसालदार होते. जुन्या वळणाचे, स्वतःला सालोत्री म्हणवून घ्यायचे. घोड्यांचं वैद्यक सांगणारा तो शालिहोत्र ऋषी, त्याच्यावरून हा शब्द आला. त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकच असायचं, "पहले घोड़ा देख, फिर घाव देख." मला ते पटायला एक तट्टू गमवावं लागलं. तुला ते स्वस्तात मिळावं म्हणून सांगतो.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. जांस्करी जातीचं भुरं तट्टू होतं, बुटकं, छातीनं रुंद. दरडीचा दगड लागून पुढच्या पायाच्या नळीवर वीतभर जखम झाली, जवळजवळ तुझ्या घोडीच्या जागीच. खिंड बर्फानं बंद, डॉक्टर वर येऊ शकत नव्हते, वायरलेसवर सांगायचे तसं मी करायचो. मी तरणाबांड, हाताला कसब होतं आणि त्याचा गर्वही. दिवसातून दोनदा पट्टी सोडायची, धुवायची, नवी बांधायची. पट्टी अशी पांढरीशुभ्र की साहेब लोकांनी तारीफ करावी. आठव्या दिवशी जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, मधे लाल मऊ दाणेदार मांस भरू लागलं.

नवव्या रात्री तट्टू पुढच्या पायानं जमीन उकरायला लागलं. वळून वळून कुशीकडे बघायचं, बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. पोटशूळ. उस्तादांनी कंदील लिदीवर धरला. दोन दिवसांत लीद पडली होती ती एवढीशी, सुपारीसारखी घट्ट, वरून चिकट बुळबुळीत आवरण. ती माझ्या पायाखाली होती आणि मी बघितली नव्हती. ओढा गोठलेला, आम्ही बर्फ फोडून बादली भरायचो. ती तट्टापर्यंत येईतो वर पापुद्रा धरायचा. ते ओठ बुडवायचं आणि मान मागे घ्यायचं. प्यालं नाही तर नाही प्यालं, मी पट्टी बांधत बसलेला. आत कोरडा भुसा साचत गेला. उस्तादांनी नाकातून नळी घालून कोमट पाणी सोडलं, रात्रभर धडपड केली. पहाटेच्या आधी ते गेलं.

उस्ताद रागावले नाहीत. पायावरच्या त्या स्वच्छ पट्टीकडे बघून एवढंच म्हणाले, "घाव तो तूने अच्छा संभाला."

म्हणून तुला पहिली गोष्ट जखमेची नाही, पाण्याची सांगतो. घोड्याला दिवसाला 25 ते 35 लिटर पाणी लागतं. थंडीत घोडं आपण होऊन कमी पितं, दुखत असलं तर आणखी कमी, आणि बांधून ठेवलेलं असलं की चालण्यानं आतडं हलतं तेही थांबतं. तिन्ही गोष्टी तुझ्या घोडीला एकाच वेळी लागू आहेत. तेव्हा पाणी कोमट द्यायचं, हात बुडवला तर बरा वाटेल इतपत. बंबातलं थोडं कढत पाणी बादलीत ओतलं की झालं. एकदम भरलेली टाकी समोर ठेवू नको. 10 लिटरची बादली दिवसातून चार-पाच वेळा नेऊन दे म्हणजे किती प्याली ते कळतं, आणि खडूनं दारावर रेघ मारत जा. चंदीत दोन चमचे साधं मीठ मिसळ, तहान लागते. तरीही नाही प्याली तर पाण्यात मूठभर गव्हाचा कोंडा आणि गुळाचा खडा टाकून बघ. साधं पाणी मात्र शेजारी असू दे, गुळाच्या पाण्यावर सोडू नको.

आणि लीद मोज. लाज वाटायची गरज नाही, घोड्याच्या धंद्यात लीद ही वर्तमानपत्रासारखी असते, सकाळी उठून आधी ती वाचायची. धडधाकट घोडं दिवसाला आठ-बारा वेळा लीद टाकतं. गोळा जमिनीवर पडला की फुटायला हवा. घट्ट राहिला, वरून चकाकला, किंवा रात्रीत दोन-तीनच ढीग दिसले, तर त्याच क्षणी डॉक्टरला फोन. पोट दुखायला लागायची वाट बघायची नाही.

आता थंडीचं. तू म्हणालास, मामा, लडाखात उणे वीस होतं, आमच्याकडे चार अंश म्हणजे काय! इथंच फसतोस. त्या जांस्करी तट्टांची लव बोट बुडेल एवढी दाट. सकाळी बाहेर यावं तर पाठीवर बर्फाचा थर तसाच, न वितळलेला. नवीन पोरं घाबरायची, झाडायला धावायची. उस्ताद म्हणायचे, राहू दे. बर्फ वितळला नाही याचा अर्थ आतली ऊब बाहेर पडत नाही. ज्याच्या पाठीवरचा बर्फ वितळतोय त्याची काळजी कर. पोट भरलेलं, कोरडं, हिवाळी लवेचं घोडं उणे 15 अंशांपर्यंत आपली ऊब आपण राखतं.

तुझी घोडी तू दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलीस. तापीच्या काठी विकायला आणलेलं जनावर ते, मशीन फिरवून केस काढलेले, खरारा करून आरशासारखी केलेली. हौसेनं घेतलीस, बरोबर आहे, दिसते देखणी. पण तिच्या अंगात लव नाही आणि तिला तुमच्या डोंगराची सवय नाही. अशा घोड्याला 5 अंशांनाच हुडहुडी भरते, आणि अंग ओलं असलं, वारा असला तर त्याही आधी. लिंगमळ्याला पहाटे गवतावर हिमकण दिसतात तेव्हा तिची अवस्था त्या तट्टांपेक्षा वाईट असते. लडाखची थंडी कोरडी. तुमची धुक्याची, दवाची. ओलं घोडं कोरड्या घोड्याच्या कितीतरी पट वेगानं गारठतं.

म्हणून ताडपत्री काढ म्हटलं. ताडपत्रीनं वारा अडतो, पण अंगाची वाफही अडते. आतल्या आत घाम साचतो, लव ओली होते आणि तू झाकलंय म्हणून निर्धास्त असतोस. आईची जुनी घोंगडी आहे ना माळ्यावर, धनगराकडची, ती काढ. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. मानेपासून शेपटीपर्यंत घाल, छातीपाशी सैल बांध. पोटाखालून एक पट्टा, त्यात हाताचा पंजा सहज जाईल एवढा. आणि ओल्या अंगावर झूल घालायची नाही, हे गोंदवून घे. आधी पेंढ्याची जुडी करून अंग खसाखसा पुसायचं, मग पाठीवर कोरडा पेंढा पसरायचा आणि त्यावर घोंगडी. पेंढ्यातून वाफ वर निघून जाते, अंग तासाभरात सुकतं. मग पेंढा काढून नुसती घोंगडी. आम्ही लडाखात पोत्यांची झूल करून हेच करायचो.

दिवसातून एकदा, दुपारी ऊन आलं की, घोंगडी पूर्ण काढायची. खरारा करायचा, खांद्यावर आणि मानेच्या मुळाशी केस घासले गेलेत का, बरगड्या हाताला लागायला लागल्यात का ते बघायचं. झुलीखाली घोडं वाळत जातं आणि मालकाला महिन्यानं कळतं. थंडी वाजतेय का हे कसं ओळखायचं? कानाच्या मुळाशी हात लाव. टोक गार असतंच, मूळ गार लागलं तर घोडं गारठलंय. मग काखेत, पुढच्या पायामागे हात घाल. तिथंही गार असेल तर वेळ दवडू नको.

शेकोटी विझवलीस हे चांगलं केलंस. बंद पागेत धूर आणि मुताचा वास मिळून घोड्याची छाती बिघडते, आणि पेंढ्याच्या खोलीत विस्तव म्हणजे काय ते तुला सांगायला नको. घोड्याच्या उंचीपर्यंत वारा अडव, पोती लाव, झडपा लाव. वरची फट उघडी ठेव. आत गेल्यावर तुझ्या डोळ्यांना झोंबलं तर घोडीच्या नाकाला त्याहून जास्त झोंबतंय, तिचं तोंड तर खाली पेंढ्यात असतं.

घोड्याची खरी शेकोटी त्याच्या पोटात असते. वैरण मोठ्या आतड्यात आंबते, तिथून ऊब निघते, तासन् तास. दाण्यानं तशी ऊब येत नाही. पण आपल्याकडे जनावर आजारी पडलं की माया दाण्यानं दाखवायची रीत आहे. भिजवलेले हरभरे, वर गूळ, वर तेल. उभ्या घोडीला पूर्ण चंदी चालू ठेवलीस तर एक तर पोट बिघडेल, नाही तर खूर तापतील. तुझी घोडी साडेतीनशे किलोच्या आसपास असेल. तिला दिवसाला कोरडी वैरण 7 किलो तरी हवी, थंडी कडक पडली तर किलो-दीड किलो जास्त. कडबा कुट्टी करून दे, वाळलेलं गवत दे, थोडी लसूणघास मिळाली तर सोनं. यातला मोठा वाटा रात्री झोपण्यापूर्वी टाक, पहाटेच्या कडाक्याला पोटात काहीतरी आंबत असलं पाहिजे. चंदी निम्म्याहून कमी कर. तिनं तोबऱ्याकडे बघून खिंकाळलं तर खिंकाळू दे.

रोज सकाळ-संध्याकाळ तीन आकडे लिहायचे. ताप, नाडी, श्वास. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून, पण त्याला दोरा बांध आणि दोरा शेपटीच्या केसांना. नाही तर थर्मामीटर आत किंवा लिदीत. 37.5 ते 38.5 अंश ठीक. फॅरेनहाइटचा असेल तर 99.5 ते 101.3. श्वास मिनिटाला 8 ते 16, कूस हलते ती लांबून मोजायची, घोडीला न कळता.

नाडी शिकायला तुला दोन दिवस लागतील. आधी हात कोमट पाण्यात घाल किंवा काखेत धर. गारठलेल्या बोटांना नाडी लागत नाही, घोडं मेलंय की काय वाटतं. मग तिच्या डाव्या बाजूला उभा राहा, उजवा हात नाकाडावर ठेव आणि डाव्या हाताची तीन बोटं जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाच्या फुगवट्याच्या थोडं पुढं. तिथं सुतळीएवढी एक नळी बोटाखाली घरंगळते. जोरात दाबलीस तर बंद पडते, हलकी धरलीस तर हुकते. हाडावर अलगद टेकवायची आणि थांबायचं. ठोका येतो... मग बराच वेळ काहीच नाही... मग पुन्हा येतो. माणसाच्या मानानं इतका सावकाश की पहिल्या वेळी मी उस्तादांना म्हटलं होतं, बंद पडलं. मिनिटाला 28 ते 44. उभ्या, शांत घोडीची नाडी 50 च्या वर राहायला लागली तर तिला दुखतंय, किंवा आत काहीतरी बिघडलंय. घोडं बोंबलत नाही, नाडी सांगते. तसंच ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाब, सोड. पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी कोरडी चिकट लागली तर पाणी कमी पडतंय.

आता जखम. एवढं सगळं वाचून आलास म्हणजे तिच्याकडे बघायला लायक झालास.

हळद-तेलाचं तुला कुणी सांगितलं ते विचारत नाही, आमच्या आजोबांनीही तेच केलं असतं. खरचटलं असेल तर चालून जातं. उघड्या मांसात काहीच भरायचं नाही, हळद नाही, चुना नाही, जळकं ऑइल नाही, मोरचूद तर नाहीच. डॉक्टरला आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं, मग टाके. पुन्हा कधी असं झालं तर स्वच्छ कापडाची घडी दाबून धर, दहा-पंधरा मिनिटं, मधे उघडून बघायचं नाही. रक्त थांबलं की उकळून कोमट केलेलं पाणी, लिटरला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, मोठ्या सिरिंजनं सोडायचं. स्ट्रॉबेरीवर औषध मारायचा पंप त्यासाठी वापरायचा नाही, कितीही धुतलास तरी नाही. मग डॉक्टर येईपर्यंत स्वच्छ पट्टी. पहिल्या सहा-आठ तासांत टाके पडले तर धरतात. 1962 ला फोन केलास तर फिरता दवाखाना येतो, आणि फारच बाका प्रसंग असेल तर खाली शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जखमेतून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट, पिवळसर पाणी आलं तर सांधा उघडा पडलाय. मग रात्र असो की पाऊस, थांबायचं नाही. सांध्यात पू झाला की घोडं संपलं.

आता पट्टी. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसच नसतं. कातडं, शिरा, हाड. रक्त कमी, त्यात थंडीनं वरच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पायाची जखम हिवाळ्यात रेंगाळते. माश्या नसतात, अळ्या पडत नाहीत, थंडीचा एवढा एकच उपकार. तेव्हा पट्टी ही जखम झाकायला तर हवीच, पाय उबदार ठेवायलाही हवी. डॉक्टरांनी दिलेली जाळी जखमेवर, त्यावर कापसाचा जाड थर, खुरापासून गुडघ्यापर्यंत सगळीकडून सारखा, बोटभर जाड. मग त्यावर क्रेप. कापूस जाड असला की क्रेप थोडी ओढून बांधता येते आणि तरी कुठं काचत नाही. तू नुसतं कापड करकचून बांधलंस तसं बांधलं तर मागची मोठी शीर दबते, कातडं मरतं. तारेनं केलं नाही एवढं नुकसान आपल्या पट्टीनं होतं. बांधून झाल्यावर वरच्या कडेत बोट सरकायला हवं. पट्टीच्या वर सूज आली, घोडी पट्टीला दात लावायला लागली किंवा पाय झटकायला लागली, तर तिला काहीतरी टोचतंय. सोडून बघ, रागावू नको.

पट्टी ओली झाली की बदल. लडाखात ओली पट्टी रात्रीत लाकडासारखी कडक व्हायची, कापून काढावी लागायची. तुमच्याकडे गोठणार नाही पण दवानं भिजेल, आणि भिजलेला कापूस पायातली ऊब शोषून घेतो. खाली भाताचा पेंढा गुडघाभर टाक, ओला झालेला रोज उचल. लाकडाचा भुसा नको, जखमेला चिकटतो.

दोन-तीन आठवड्यांनी जखमेतून लाल, फुलकोबीसारखं मांस कातड्याच्या वर येऊ लागलं तर घाबरू नको आणि जाळायलाही जाऊ नको. घोड्याच्या नळीवर असं होतंच. कातडं त्याच्यावर चढू शकत नाही, म्हणून ते कापून सपाट करावं लागतं. त्या मांसाला जाणीव नसते, घोडी मुकाट उभी राहते. रक्त मात्र भरपूर येतं, म्हणून डॉक्टरांच्याच हातून.

दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तेवढ्याच, मोजून. नीट पाणी न पिणाऱ्या घोड्याला त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात. आणि आपल्या घरातल्या सांधेदुखीच्या गोळ्या गुळात घालून देण्याचा विचार तुझ्या डोक्यात आला असणार, मी तुला ओळखतो. द्यायच्या नाहीत.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं तरी तीन आठवडे डोळा ठेव. बाजारातल्या घोडीला आधी लस होती की नाही, देव जाणे. चालीत ताठरपणा आला, शेपूट वर उचललेली राहिली, घास तोंडातच घोळायला लागला, हनुवटी हलकेच वर केल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पडदा सरकून बुबुळावर आला, तर अंधार कर, आवाज बंद कर आणि डॉक्टर. घोड्याएवढा धनुर्वात कुणाला लागत नाही, आणि त्याचे जंतू घोड्याच्याच लिदीत असतात.

एक तट्टू तिच्या नजरेसमोर बांध. एकटं घोडं फेऱ्या घालतं, दावणीला ओढतं, टाके उसवतात. तुझी ती म्हातारी पिवळी घोडी चांगली, ती कशानंच बिचकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुला सुचणार नाही कारण तिथं जखम नाही. तिचा उजवा पाय. डावा दुखतो म्हणून ती सगळा भार उजव्यावर टाकतेय, दिवसरात्र. अशानं धडधाकट पायाच्या खुरातच आतून दाह होतो, लॅमिनायटिस. खुराची भिंत आतल्या हाडापासून सुटते. जखम बरी झालेली घोडी मग चांगल्या पायानं कायमची लंगडी होते. त्या पायालाही कापूस घालून आधाराची पट्टी बांध. आणि रोज दोनदा उजव्या खुरावर तळहात ठेव, तसाच मागच्या खुरांवर ठेवून ताडून बघ. मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना, बोटं टेकव. तिथली नाडी एरवी जेमतेम लागते. ती ठणठण उडायला लागली, खूर मागच्यांपेक्षा ऊन लागला, घोडी पाय आलटून पालटून टेकायला लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला उठव. नाराज झाले तर माझं नाव सांग.

तुझ्या आईनं सांगितलं की 26 जानेवारीच्या जोडून सुट्टीला तू तिला तलावावर उभी करायच्या विचारात आहेस, "नुसती फोटोला, सवारी नाही." नाही. फोटोलाही नाही. चालवायचं कधी ते डॉक्टर सांगतील. त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवशी पाच मिनिटं, ऊन चढल्यावर, हातात दोरी धरून, सपाटीवर. तोंडात लोखंडी कडी नको, नुसता दोरीचा मोरखा. लडाखात आम्ही कडी आधी काखेत धरून गरम करायचो, नाही तर जिभेचं कातडं चिकटून सोलायचं. तुमच्याकडे तेवढी वेळ येत नाही, पण हिमकणाच्या सकाळी हातात धरून मगच तोंडात घाल, तुझ्या बाकीच्या घोड्यांनासुद्धा. त्या सुट्टीत जेवढं बुडेल ते मला सांग, आपण बघू.

रविवारी सकाळच्या गाडीनं केळघर घाटातून वर येतोय. दारावरच्या खडूच्या रेघा पुसू नको, मला मोजायच्या आहेत. आणि हे पत्र मिळालं की पहिल्यांदा उजव्या खुराला हात लाव.

तुझा मामा